मुसीचा काठ

हैदराबादेत प्रथमच आलेल्या पाहुण्याला नया पुलावर उभे करून, खाली बोट दाखवून, "ही आमची मुसी नदी" असे सांगितले, तर तो बहुधा आपल्या तोंडाकडे पाहू लागतो. वर्षातील नऊ-दहा महिने या पात्रात नदी म्हणावी असे फारसे काही दिसत नाही. मधोमध सांडपाण्याचा एक काळपट ओघ, दोन्ही अंगांना गवत, चिखल आणि कचरा, आणि या सगळ्याच्या दोहो बाजूंना दगडी भिंती. एवढ्याशा पाण्यासाठी एवढे रुंद पात्र कशाला, आणि पात्राला एवढ्या उंच भिंती तरी कशाला, असा प्रश्न त्याच्या मनात आल्यावाचून राहत नाही. या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते २८ सप्टेंबर १९०८ या एका तारखेत सामावलेले आहे. आजच्या भाषणात त्या दिवसाची हकीकत, तो दिवस उगवण्याची कारणे आणि त्यातून या शहराने काय शिकून घेतले व काय विसरून टाकले, याचा थोडा विचार करावयाचा आहे.

नैसर्गिक आपत्तींची गोष्ट निघाली म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे प्रथम समुद्रकिनाऱ्यावरची माणसे येतात. ते साहजिकच आहे. एके काळी गोवळकोंड्याच्या राज्याचे बंदर असलेल्या मछलीपट्टणावर १ नोव्हेंबर १८६४ च्या रात्री वादळाने समुद्र चढून आला आणि सुमारे तीस हजार माणसे मेली. त्याच किनाऱ्यावर, कृष्णेच्या मुखाशी असलेल्या दिवी भागात, १९ नोव्हेंबर १९७७ रोजी पुन्हा तसाच अनर्थ झाला आणि त्यातही हजारो माणसांचा बळी गेला. किनाऱ्यावरच्या कोळ्याला निदान एवढे तरी ठाऊक असते की, समोर समुद्र आहे आणि तो केव्हा तरी कोपणार. हैदराबाद हे समुद्रापासून सुमारे दोनशे मैल आत, दख्खनच्या पठारावर, खडकांच्या मधोमध वसलेले शहर. येथल्या माणसाला उन्हाळ्यात पाणी मिळेल की नाही याची चिंता असावयाची. पाण्यात बुडून मरण्याची भीती त्याने का बाळगावी? परंतु या शहराचे दैव ज्या नदीशी बांधलेले आहे ती मुसी, आणि मुसीचे दैव ज्या पावसाशी बांधलेले आहे तो पुष्कळदा त्याच बंगालच्या उपसागरातून येतो.

मुसीचा उगम विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या डोंगरात. तेथून ती पूर्वेकडे वाहत येते. शहराच्या थोडे अलीकडे, लंगर हौजच्या बाजूला, दक्षिणेकडून येणारी ईसी नदी तिला मिळते. १९४८ साली गांधीजींच्या अस्थींचे विसर्जन या संगमावर झाले, आणि म्हणूनच तो आज बापूघाट या नावाने ओळखला जातो. पुढे मुसी शहराच्या बरोबर मधून जाते, आणि नळगोंडा जिल्ह्यात वाडपल्लीजवळ कृष्णेला मिळते. मुहंमद कुली कुतुबशहाने १५९१ साली हैदराबाद वसविले, त्याच्या आधीच, १५७८ साली, त्याच्या बापाने या नदीवर पूल बांधला होता. आपण ज्याला आज पुराणा पूल म्हणतो तो हाच. त्याच्या कमानींची संख्या आणि उंची पाहिली म्हणजे बांधणाऱ्यांना या नदीचा स्वभाव पुरता ठाऊक होता, असे म्हणावे लागते. कोरड्या ओढ्यावर कोणी असला पूल बांधीत नाही. तथापि मधल्या तीनशे वर्षांत शहर वाढले, नदीच्या उत्तरेला अफझलगंज, बेगमबाजार, चादरघाट असे नवे भाग उभे राहिले, आणि घरे हळूहळू पात्राच्या कडेपर्यंत, काही ठिकाणी तर पात्रातच, उतरली. अधूनमधून पाणी चढे, ओसरे आणि लोक पुन्हा तेथेच भिंती उभारीत.

१९०८ चा सप्टेंबर महिना संपत आला होता. नवरात्राचे घट नुकतेच बसले होते आणि रमझानचा महिनाही त्याच सुमारास सुरू झाला होता. म्हणजे हिंदू आणि मुसलमान, दोन्ही समाजांची घरे उपासतापासात आणि सणाच्या धांदलीत होती. २६ तारखेपासून पावसाने जोर धरला आणि २७ तारखेचा रविवार त्याने अखंड गाजविला. शहराच्या दक्षिणेला असलेल्या शमशाबाद येथे चोवीस तासांत १२.८ इंच आणि अठ्ठेचाळीस तासांत १८.९ इंच पाऊस नोंदला गेला. या आकड्यांचा अर्थ ध्यानात यावा म्हणून एवढेच सांगतो की, हैदराबादेत साऱ्या वर्षात सरासरीने तीस-बत्तीस इंच पाऊस पडतो. म्हणजे अर्ध्या वर्षाहूनही अधिक पाऊस दोन दिवसांत कोसळला.

सोमवारी, २८ तारखेला, पहाटेच नदीने काठ सोडला. उजाडल्यावर लोकांनी पाहिले ते नदीचे पात्र नव्हते. घरांची छपरे, गुरे, लाकडे आणि माणसे घेऊन धावणारा पाण्याचा एक लोंढा होता. अफझलगंज, मुसल्लम जंग आणि चादरघाट हे तिन्ही पूल त्याने मोडून नेले. दोन काठांना जोडणारा एकटा पुराणा पूल तेवढा राहिला. अफझलगंजच्या वस्तीत माणसाच्या दुप्पट उंचीइतके पाणी चढले. तेथील इस्पितळ रोग्यांसह पाण्यात सापडले. दक्षिण काठावर शहराचा जुना तट होता आणि तटाला पेटला बुरूज नावाचा बुरूज होता. तट म्हणजे आसरा, हे शतकानुशतकांचे गणित. त्या गणितावर विसंबून शेकडो लोक बुरजावर चढले. परंतु तो तट शत्रूसाठी बांधलेला होता, पाण्यासाठी नव्हे. खालची माती निसटत गेली आणि बुरूज आपल्या माथ्यावरच्या माणसांसह प्रवाहात कोसळला. ज्याला सर्वांत बळकट समजावे तेच अशा वेळी दगा देते, हे या प्रसंगाचे विदारक सत्य होय.

याच्या उलट प्रकार पलीकडच्या काठावर घडला. अफझलगंजच्या बागेत चिंचेचे एक मोठे झाड होते. पाणी वाढू लागले तशी माणसे जीव घेऊन त्याच्यावर चढली. चिंचेचे लाकूड चिवट, मुळे खोल. सुमारे दीडशे माणसे फांद्यांना मिठ्या मारून त्या झाडावर बसून राहिली आणि पाणी ओसरल्यावर जिवंत खाली उतरली. हे झाड उस्मानिया इस्पितळाच्या आवारात पुढे एक शतकाहून अधिक काळ जपले गेले. दर वर्षी २८ सप्टेंबरला काही नागरिक त्याच्या खाली जमतात आणि गेलेल्यांचे स्मरण करतात. चारशे वर्षांच्या या शहरात राजवाडे, मशिदी, मकबरे पुष्कळ आहेत; पण ज्याने प्रत्यक्ष दीडशे जीव वाचविले असे स्मारक हे एवढेच.

अमजद हैदराबादी यांचे नाव उर्दू काव्याच्या रसिकांना अपरिचित नाही. रुबाई या काव्यप्रकारात त्यांनी मोठे नाव मिळविले. या पुराच्या वेळी ते तरुण होते. त्या एका दिवसात त्यांची आई, पत्नी आणि मुलगी ही तिन्ही माणसे त्यांच्या डोळ्यांदेखत वाहून गेली. एकटे अमजद वाचले. पुढे त्यांनी या प्रलयावर एक दीर्घ कविता लिहिली आणि तिला 'कयामत-ए-सुगरा', म्हणजे लहानसा प्रलय, असे नाव दिले. धर्मग्रंथांतला शेवटचा मोठा प्रलय अजून यावयाचा आहे, आपण पाहिला तो धाकटा, असा त्या नावाचा अर्थ. १९६१ साली अमजद निवर्तले. अर्धे शतक हा कवी ज्या मनःशांतीच्या आणि ईश्वरनिष्ठेच्या रुबाया लिहीत राहिला, त्यांच्या तळाशी मुसीचे ते पाणी होते, हे विसरून त्या वाचता येत नाहीत.

या पुरात सुमारे पंधरा हजार माणसे गेली, असे सामान्यतः मानले जाते. काहींनी याहून पुष्कळ मोठा आकडा धरला आहे. ज्या वस्त्या समूळ वाहून गेल्या त्यांची गणती करणार कोण, आणि कशाच्या आधारे? सुमारे १९ हजार घरे पडली आणि ८० हजार लोक उघड्यावर आले. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी आपल्या वाड्यांचे दरवाजे निराश्रितांसाठी उघडले आणि अन्नछत्रे सुरू केली. त्यांच्याविषयी एक कथा हैदराबादेतली जुनी माणसे अजून सांगतात. पाणी उतरत नाही असे पाहून कोणी सल्ला दिला की, नदी ही देवता आहे, तिची पूजा करा; आणि त्या मुसलमान राजाने नदीकाठी येऊन सोन्याच्या ताटात साडी, हळदकुंकू आणि मोती घालून तिची ओटी भरली. कथेतला तपशील कसाही असो, ती इतकी वर्षे टिकून राहिली, यावरून त्या दिवसांत या शहराने आपल्या राजाकडे आणि आपल्या नदीकडे कोणत्या दृष्टीने पाहिले, ते कळून येते.

आता आपण कारणांकडे वळू. अठरा इंच पाऊस हे कारण खरेच. परंतु ते एकटे पुरेसे नाही. पाऊस डोंगरावर पडतो, नदीत येतो, पुढे निघून जातो. तो एका सकाळी भिंतीसारखा अंगावर चालून का आला? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी निजाम सरकारने ज्या माणसाला बोलाविले तो मूळचा म्हैसूरचा असला, तरी आपल्या महाराष्ट्राच्या मुशीतून घडलेला होता. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून अभियंते झाले, १८८४ पासून मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात त्यांनी नोकरी केली आणि खडकवासल्याच्या धरणावर १९०३ साली बसविलेले स्वयंचलित दरवाजे ही त्यांचीच कल्पना. सरकारी नोकरीतून निवृत्त होण्याच्या बेताने ते परदेशात प्रवास करीत होते, तेथे त्यांना हैदराबादचे बोलावणे पोहोचले. १९०९ च्या एप्रिलमध्ये त्यांनी येथे काम हाती घेतले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरच्या आरंभी आपला अहवाल सादर केला.

विश्वेश्वरय्यांनी केवळ शहरातले नुकसान पाहिले नाही. ते नदीच्या वरच्या अंगाला गेले. शहराच्या वर मुसी आणि ईसी यांचे मिळून ८६२ चौरस मैलांचे पाणलोट क्षेत्र आहे. त्यात त्यांना ७८८ तलाव आढळले, म्हणजे जवळजवळ दर चौरस मैलाला एक. काकतीयांच्या काळापासून तेलंगणात शेतीसाठी असे तलाव बांधण्याची प्रथा आहे. त्यांना तेलुगूत चेरुवु म्हणतात. ओढ्याला आडवा मातीचा बांध घालावयाचा, भरल्यावर जादा पाणी सांडव्यावरून सोडावयाचे, ते खालच्या तलावात जावयाचे, त्याचे जादा पाणी त्याच्याही खालच्या तलावात. अशी ही साखळी. साध्या पावसात ही व्यवस्था उत्तम. पण पाऊस सांडव्याच्या शक्तीबाहेर गेला म्हणजे पाणी बांधाच्या माथ्यावरून वाहू लागते, आणि मातीच्या बांधाला माथ्यावरून वाहणारे पाणी घटकाभरही सोसत नाही. वरचा तलाव फुटला की त्याचे सारे पाणी एकदम खालच्यावर येते. तो फुटतो, आणि दोघांचे पाणी तिसऱ्यावर जाते. त्या दोन दिवसांत असे २२१ तलाव फुटले. त्यांपैकी १८२ एकट्या ईसीच्या खोऱ्यात होते आणि ३९ मुसीच्या. महिनोन्‌महिने साठविलेले पाणी काही तासांत शहराच्या दिशेने सुटले. सेकंदाला सव्वाचार लाख घनफूट, असा त्या प्रवाहाचा अंदाज करण्यात आला.

महाराष्ट्रातील वाचकांना हा प्रकार समजावयास कठीण जाऊ नये. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे अपुरे राहिलेले मातीचे धरण फुटले, त्याचे पाणी खडकवासल्यावर आले, खडकवासला फुटला, आणि पुण्याचा नदीकाठ उद्ध्वस्त झाला. विश्वेश्वरय्यांचे दरवाजे ज्या धरणावर होते तेच हे धरण, आणि ते स्वतः तेव्हा शंभर वर्षांचे होऊन हयात होते. पुण्यात दोन धरणांची साखळी तुटली. हैदराबादेत २२१ तलावांची तुटली. दोन्ही ठिकाणी शहरावर चालून आले ते आभाळाचे पाणी नव्हते, माणसाने साठविलेले पाणी होते.

रोगाचे निदान असे झाल्यावर विश्वेश्वरय्यांनी उपाय सुचविला तो त्या काळी नवा होता. नदीला केवळ भिंती घालून भागणार नाही; पुराचे पाणी शहराच्या वरच अडविले पाहिजे. त्यासाठी मुसीवर एक आणि ईसीवर एक असे दोन मोठे जलाशय बांधावयाचे. पुराचा लोंढा आला की तो प्रथम जलाशयात शिरेल, तेथे पसरेल, आणि शहराच्या पात्राला झेपेल तेवढेच पाणी दारांतून खाली सोडले जाईल. एका सकाळी येणारे पाणी दोन-तीन दिवसांत वाटून द्यावयाचे, एवढेच या विद्येचे मर्म. पाणी तेवढेच येते. त्याची घाई तेवढी काढून घ्यावयाची. याबरोबरच काठांना भिंती, काठालगत बागा आणि रस्ते, आणि शहरात नवी गटारव्यवस्था, असा त्यांचा आराखडा होता.

हा आराखडा कागदावर राहिला नाही, ही हैदराबादच्या इतिहासातली अभिमानाची गोष्ट आहे. १९११ साली सातवे निजाम मीर उस्मान अली खान गादीवर आले. १९१२ साली शहर सुधारणा मंडळ स्थापन झाले. गंडीपेट येथे मुसीवरचा उस्मानसागर १९२० साली पुरा झाला आणि ईसीवरचा हिमायतसागर १९२७ साली. काठांवरच्या पडक्या वस्त्यांच्या जागी भिंती आणि बागा आल्या. उत्तर काठावर उस्मानिया इस्पितळ आणि दक्षिण काठावर उच्च न्यायालय अशा दोन भव्य इमारती समोरासमोर उभ्या राहिल्या. त्यांचे आराखडे व्हिन्सेंट एश या वास्तुशास्त्रज्ञाचे. आज पर्यटक ज्या नदीकाठाचे छायाचित्र घेतात तो सारा देखावा या पुराने निर्माण केलेला आहे. अगदी आरंभी सांगितलेल्या त्या उंच भिंतींचेही रहस्य हेच.

परंतु या व्यवस्थेच्या पोटातच एक अडचण दडलेली आहे, आणि ती समजून घेतल्यावाचून पुढच्या हकीकतीचा अर्थ लागणार नाही. पूर झेलावयाचा तर जलाशय रिकामा हवा. परंतु तहानलेल्या शहराला पाणी पाजावयाचे तर तोच जलाशय भरलेला हवा. उस्मानसागर आणि हिमायतसागर यांच्यावर दोन्ही कामे सोपविण्यात आली. गंडीपेटचे पाणी एकदा प्याले की माणूस हैदराबाद सोडून जात नाही, अशी म्हणच रूढ झाली. पिढ्या उलटल्या तशी लोकांना जलाशयाची गोडी लक्षात राहिली आणि तो कशासाठी बांधला होता ते विस्मरणात गेले. सप्टेंबरच्या अखेरीस, जलाशय काठोकाठ भरलेला असताना, मोठा पाऊस आला तर दारे उघडण्यावाचून दुसरा इलाज नसतो. आणि दारे उघडली की पाणी जाते ते त्याच जुन्या पात्रात.

त्या पात्रात आज काय आहे? धरणे झाल्यामुळे नदी कोरडी पडली. नदी कोरडी पडल्यामुळे पात्र मोकळे दिसू लागले. आणि मोकळी दिसणारी जागा शहरात फार दिवस मोकळी राहत नाही. चादरघाट, मूसानगर, मुसारामबाग या भागांत रोजंदारीवर जगणाऱ्या माणसांनी पात्राच्या कडेला झोपड्या आणि घरे बांधली. त्यांना दोष देणे सोपे आहे. पण जेथे भाडे परवडते आणि काम जवळ असते तेथे गरीब माणूस राहतो. १९०८ सालीही तो तेथेच राहत होता. वरच्या अंगाला प्रकार वेगळा. तेथे ज्या तलावांनी पूर्वी फुटून शहर बुडविले, त्यांतले कित्येक बुजवून त्यांवर वसाहती झाल्या. तलाव फुटण्याची भीती गेली खरी. परंतु तलावात मावणारे पाणी कोठे जावयाचे, याचा विचार राहून गेला.

याची परीक्षा निसर्गाने वेळोवेळी घेतली. २४ ऑगस्ट २००० रोजी एका दिवसात २४ सेंटिमीटर पाऊस पडून शहराचे मोठे भाग बुडाले. १३ ऑक्टोबर २०२० रोजी बंगालच्या उपसागरातला एक तीव्र कमी दाबाचा पट्टा काकिनाड्याजवळ किनारा ओलांडून तेलंगणावर आला. शहराच्या पूर्वेला घटकेसर येथे ३२ सेंटिमीटर पाऊस झाला. जुन्या शहराच्या दक्षिणेला पल्ले चेरुवु आणि गुर्रम चेरुवु या तलावांचे बांध फुटले आणि रात्रीच्या अंधारात पाणी वस्त्यांत शिरले. १९०८ ची कथा लहान प्रमाणावर पुन्हा घडली. हेच वादळ दुसऱ्या दिवशी आपल्या सोलापूर-पंढरपूरकडे गेले आणि चंद्रभागेच्या काठी त्याने हाहाकार उडविला, हे अनेकांच्या स्मरणात असेल. २०२५ च्या सप्टेंबरच्या अखेरच्या आठवड्यात, म्हणजे जवळजवळ त्याच तारखांना, दोन्ही जलाशयांची दारे उघडावी लागली; मुसीच्या पात्रालगत बांधलेल्या महात्मा गांधी बसस्थानकात पाणी शिरून प्रवासी अडकले, आणि चादरघाटच्या माणसांना रातोरात घरे सोडावी लागली.

मधल्या काळात शासनाने काही केले नाही असे नाही. दोन्ही जलाशयांच्या भोवती दहा किलोमीटरांपर्यंतच्या ८४ गावांत बांधकामावर कडक निर्बंध घालणारा १११ क्रमांकाचा आदेश १९९६ साली निघाला. पाणलोट क्षेत्र मोकळे राहिले तरच जलाशय जगतील, हे त्यामागचे तत्त्व. २०२२ च्या एप्रिलमध्ये दुसरा आदेश काढून हे निर्बंध उठविण्यात आले. शहराला आता कृष्णा-गोदावरीचे पाणी मिळते, तेव्हा या जलाशयांवर पूर्वीसारखे अवलंबून राहण्याचे कारण नाही, असे एका पक्षाचे म्हणणे. गावांतल्या जमीनमालकांचीही एक बाजू आहे. शहराच्या सुरक्षिततेची किंमत आम्हीच का मोजावी, हा त्यांचा प्रश्न अगदीच गैरवाजवी नाही. परंतु पिण्याच्या पाण्याचा हिशेब मांडताना पुराचा हिशेब बाजूला ठेवता येणार नाही. हे जलाशय प्रथम बांधले गेले ते पंधरा हजार प्रेतांच्या साक्षीने, तहान भागविण्यासाठी नव्हे. गोदावरीचे पाणी नळाने आणता येईल. ईसीचा पूर नळाने परत पाठविता येणार नाही.

समुद्रकाठच्या लोकांनी या बाबतीत एक धडा घेतला आहे, तो आपण घेण्याजोगा आहे. १८६४ साली ऑक्टोबरात कलकत्त्याला आणि नोव्हेंबरात मछलीपट्टणाला जी वादळे झाली, त्यांच्यानंतरच या देशात बंदरांना वादळाची आगाऊ सूचना देण्याची पद्धत सुरू झाली आणि १८७५ साली हवामान खाते स्थापन झाले. १९७७ नंतर आंध्रच्या किनाऱ्यावर वादळापासून आसरा देणाऱ्या पक्क्या इमारती बांधण्यात आल्या. आज त्या किनाऱ्यावर वादळ आले तर लाखो माणसे आधीच हलविली जातात, आणि जेथे पूर्वी हजारो मरत तेथे मृतांचा आकडा पुष्कळ कमी राहतो. वादळ थांबविता आले नाही. माणसाचे विसरणे तेवढे थांबविता आले. नदीकाठच्या शहराचे संकट असे की, त्याला समुद्र रोज समोर दिसत नाही. त्याची नदी वर्षभर झोपलेली असते, आणि झोपलेल्याचा धाक कोणाला वाटत नाही.

हैदराबादशी आपल्या मराठी माणसांचा संबंध जुना आहे. १९५६ पर्यंत मराठवाडा याच राज्याचा भाग होता. गौळीगुडा, सुलतान बाजार, काचीगुडा, शालिबंडा येथे मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली, आणि यांपैकी काही वस्त्या मुसीपासून हाकेच्या अंतरावर आहेत. तेव्हा ही केवळ दुसऱ्याच्या गावची गोष्ट नव्हे. शिवाय पुणे, सांगली, कोल्हापूर, पंढरपूर, चिपळूण, कोणत्याही नदीकाठच्या गावाने आपले नाव घालून ही हकीकत वाचावी, फारसा फरक पडणार नाही. प्रत्येक नदीचे दोन काठ असतात: एक, जो आपल्याला रोज दिसतो, आणि दुसरा, जो ती शंभर वर्षांतून एकदा आपला म्हणून मागते. शहाणी माणसे घर बांधताना दुसरा काठ विचारतात.

अफझलगंजच्या त्या चिंचेने मात्र कोणाला काही विचारले नाही. जो आला त्याला तिने फांदी दिली. हिंदू कोण, मुसलमान कोण, श्रीमंत कोण, भिकारी कोण, याची चौकशी केली नाही. ती तेथे उभी होती, आणि तिची मुळे खोल होती, एवढेच. पुढचा पूर येईल त्या दिवशी या शहराला पुन्हा दीडशे माणसांचे एक झाड पुरणार नाही. त्या दिवसासाठी पात्र मोकळे ठेवणे, तलाव जपणे आणि काठावरच्या गरिबाला दुसरीकडे धड घर देणे, ही आपण लावावयाची झाडे आहेत. आणि झाड लावावयाचे ते पाणी येण्यापूर्वी.